गाठ काढल्यानंतरची पोकळी



स्तनाच्या कर्करोगाविषयी सार्वजनिक व्याख्यान द्यावयाचे म्हटले की वक्त्याने रोगाची लक्षणे सांगावीत, वेळीच तपासणी करून घेण्याचा उपदेश करावा आणि श्रोत्यांना काहीशा धास्तावलेल्या मनाने घरी पाठवावे, असा एक प्रघात पडून गेला आहे. तो प्रघात आज मोडण्याची मी आपणांकडे अनुज्ञा मागतो. मला बोलावयाचे आहे ते त्यानंतरच्या एका गोष्टीविषयी. गाठ सापडली, तिचा तुकडा तपासून ती कर्करोगाचीच असल्याचे निश्चित झाले, शस्त्रक्रिया ठरली, आणि शल्यवैद्याने ती गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी ऊतकासह काढून टाकली. आता त्या जागी जी पोकळी राहिली, तिचे काय करावयाचे?

प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटेल, आणि तो शल्यवैद्यांनी आपसांत सोडवावा असेही कोणी म्हणेल. परंतु ही पोकळी भरून काढता येत नाही या समजुतीपायी पुष्कळ स्त्रियांचे स्तन आवश्यकता नसताना समूळ काढले गेले आहेत. आणि स्तन जाणारच या भयाने पुष्कळ स्त्रियांनी आपली गाठ महिनोन्‌महिने पदराआड लपवून ठेवली आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक आज पहिला लागतो, आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने तो आपल्याकडे सरासरीने सुमारे दहा वर्षे आधीच्या वयात गाठतो. चाळिशी-पंचेचाळिशीतील ही स्त्री उपचारानंतर आणखी तीस-पस्तीस वर्षे जगण्याची आशा बाळगून असते. ती वर्षे तिने कोणत्या शरीरानिशी काढावयाची, हा प्रश्न केवळ शल्यवैद्यांवर सोपवून चालणार नाही.

ज्या तंत्राविषयी मी बोलणार आहे त्याला ‘ऑन्कोप्लास्टिक’ शस्त्रक्रिया म्हणतात. १९९० च्या दशकात जर्मन शल्यवैद्य वेर्नर आउड्रेच यांनी हा शब्द रूढ केला. तो दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे : एकाचा अर्थ गाठ किंवा गोळा, दुसऱ्याचा अर्थ घडविणे. ‘प्लास्टिक सर्जरी’ या शब्दामुळे शरीरात प्लास्टिक बसविले जाते अशी काही सुशिक्षित मंडळींचीदेखील समजूत असते, म्हणून आरंभीच सांगतो की, ज्या पद्धतींचे वर्णन मी करणार आहे त्यांत बाहेरचा कोणताही पदार्थ आकार भरण्यासाठी वापरीत नाहीत. जे काही घडवावयाचे ते त्या स्त्रीच्याच शरीरातून.

परंतु त्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे. कारण स्तन राखता येतो ही गोष्टच सिद्ध व्हावयास जवळजवळ शतक लागले.

अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॅल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांच्या शस्त्रक्रियेत संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी या सर्व गोष्टी एकसंध काढून टाकल्या जात. आज हे वर्णन ऐकून अंगावर काटा येतो. तथापि हॅल्स्टेड यांना क्रूर ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांच्या काळी युरोपातील नामांकित शल्यवैद्यांच्या हातूनही निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग त्याच जागी पुन्हा उद्भवे. हॅल्स्टेड यांच्या ५० रुग्णांपैकी अवघ्या ३ जणींत तसे घडले. कर्करोग गाठीपासून सलगपणे, पाणी झिरपत जावे तसा भोवताली पसरतो, अशी त्यांची धारणा होती; आणि धारणा तशी असल्यावर जितके दूरवर कापावे तितके चांगले, हा निष्कर्ष अटळ होता. पुढील सुमारे सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या शल्यवैद्यांनी तो प्रमाण मानला. स्त्रिया वाचत, पण छातीच्या एका बाजूस कातडीखाली बरगड्या दिसत आणि पुष्कळ जणींचा हात सुजून कायमचा जड होई. आणि ज्यांचा रोग आधीच रक्तावाटे हाडांत वा फुप्फुसांत जाऊन बसलेला असे, त्या इतके सोसूनही वाचत नसत.

या मताला विरोध करणारे कोणी नव्हते असे नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स (अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे बंधू) यांनी १९२० च्या दशकात गाठीभोवती रेडियमच्या सुया खोचून स्तन राखण्याचा प्रयोग चालविला आणि १९३७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते आशादायक होते. पण एका शल्यवैद्याच्या अनुभवावर अशा बाबतीत विसंबता येत नाही; तुलना करावयास हवी, आणि तीही चिठ्ठी टाकून रुग्णांची दोन गटांत विभागणी करून. ते काम इटली आणि अमेरिका या दोन देशांत झाले. मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांची पाहणी केली. निम्म्या जणींवर हॅल्स्टेड यांची शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांचा स्तनाचा सुमारे चौथा हिस्सा काढून बाकीच्या स्तनाला किरणोपचार देण्यात आले. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ साली तशीच पाहणी सुरू केली. तीत चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी होत्या, आणि गाठ व तिच्याभोवतीचे थोडे ऊतक एवढेच काढले जाई. दोन्ही पाहण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ सालच्या ऑक्टोबरात एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. स्तन गमावलेल्या आणि स्तन राखलेल्या स्त्रियांच्या आयुर्मर्यादेत फरक नव्हता.

फिशर यांच्या पाहणीसंबंधी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अर्धवट माहितीवरून तिचा कधीकधी उल्लेख केला जातो. तीत सहभागी झालेल्या एका केंद्रातील शल्यवैद्याने काही नोंदींत फेरफार केल्याचे १९९४ साली सर्वत्र गाजले. त्या केंद्राचे सर्व रुग्ण वगळून आकडेमोड पुन्हा करण्यात आली. निष्कर्ष तोच राहिला. वीस वर्षांच्या आकड्यांतून आणखी एक धडा मिळाला तो असा की, ज्यांना किरणोपचार मिळाले नाहीत त्यांच्यापैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांत त्याच स्तनात पुन्हा रोग आला. ज्यांना मिळाले त्यांच्यात सुमारे १४ टक्क्यांत. म्हणजे स्तन राखावयाचा तर, काही थोडे अपवाद सोडता, किरणोपचार टाळता येत नाहीत. ही अट आपण लक्षात ठेवावी. पुढे आपल्या देशाविषयी बोलताना ती पुन्हा आडवी येणार आहे.

येथे रोगाचा प्रश्न बव्हंशी सुटला आणि पोकळीचा सुरू झाला. गाठ काढून वरची त्वचा नुसती शिवून टाकली, तर पहिले काही आठवडे सर्व काही ठीक दिसते. पोकळीत शरीरातील द्रव साचतो आणि स्तनाला भरलेपणा येतो. टाके काढताना रुग्ण समाधानी असते, शल्यवैद्यही. पुढे तो द्रव शोषला जातो. किरणोपचारामुळे उरलेले ऊतक आवळून कठीण होऊ लागते आणि त्वचा आत ओढली जाते. एक-दोन वर्षांत त्या जागी खळगा पडतो. खालच्या भागातली गाठ असेल तर स्तनाग्र खाली वळते आणि स्तनाला पक्ष्याच्या चोचीसारखे रूप येते. वरच्या आतल्या भागातली असेल तर गळ्याखालीच खाच दिसते, जी पदरानेही नीट झाकत नाही. स्तन राखलेल्या स्त्रियांपैकी वीस ते तीस टक्क्यांत अशी विरूपता येते, असे अनेक अहवालांत आढळते. आणि ती नंतर दुरुस्त करणे फार कठीण. कारण किरणोपचार झालेल्या ऊतकाचा रक्तपुरवठा रोडावलेला असतो, जखम भरून येण्याची त्याची शक्ती मंदावलेली असते. जे करावयाचे ते पहिल्याच शस्त्रक्रियेत, किरण पडण्यापूर्वी, केले पाहिजे.

विरूपतेपेक्षाही मला चिंता वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. ज्या शल्यवैद्याला पोकळी भरता येत नाही, त्याचा हात गाठीच्या कडेशी कचरतो. जास्त कापावे तर आकार बिघडणार, कमी कापावे तर रोग राहणार. अशा दोलायमान मनःस्थितीत एकतर रोगाची कड मागे राहते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, नाहीतर तो सरळ संपूर्ण स्तन काढण्याचा सल्ला देऊन मोकळा होतो. घडविण्याची विद्या हाती असली म्हणजे तो निर्धास्तपणे कापू शकतो. म्हणूनच या तंत्राला सौंदर्याची चैन समजणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. त्याचा पहिला उपयोग रोग नीट काढण्यासाठीच आहे.

पॅरिसमधील क्यूरी संस्थेतील क्रिश्ना क्लाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अशा १०१ स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांच्या स्तनातून काढलेल्या ऊतकाचे सरासरी वजन २२२ ग्रॅम होते. नेहमीच्या पद्धतीने एवढे ऊतक काढले असते तर बहुतेकींच्या बाबतीत स्तन म्हणण्यासारखे काही उरले नसते.

आता ही घडविण्याची क्रिया चालते कशी, ते पाहू. तिचे मूळ तत्त्व समजावून घेण्यासाठी अठराव्या शतकातील पुण्याच्या परिसरात जावे लागते. १७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या एका बैलगाडीवानाचे नाक कापले गेले होते. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्याची रीत अशी : मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा, तो पत्रा कपाळावर सपाट पसरून त्याच्याभोवती रेघ ओढावयाची, आणि त्या रेघेवरून कपाळाची त्वचा सोडवून खाली वळवावयाची. मात्र भुवयांच्या मध्ये ती त्वचा मूळ जागी जोडलेलीच ठेवावयाची. या जोडलेल्या भागाला आपण देठ म्हणू. देठातून रक्त येत राहते, म्हणून फिरविलेली त्वचा जगते. हे पत्र वाचूनच जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. सुश्रुतसंहितेतील नासासंधानाशी या परंपरेचे नाते आहे, हे आपण सर्व जाणतो. त्याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही; परंतु त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, याची थोडी लाजही बाळगावी.

ऊतक जागचे हलवावे, पण देठ तोडू नये, हेच तत्त्व स्तनाच्या बाबतीतही लागू पडते. इटालियन शल्यवैद्य इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ साली पाठीवरील रुंद स्नायू त्याच्यावरील त्वचेसह काखेतील देठावर फिरवून छातीवर आणण्याची रीत वर्णिली होती. ती काही वर्षे युरोपात चालली आणि मग विस्मरणात गेली. सर्व काही काढून टाकण्याच्या मताचा त्या काळी जो दबदबा होता, तो याला बराचसा कारणीभूत मानला जातो. १९७० च्या दशकात ती पुन्हा शोधून काढावी लागली.

पोकळी भरण्याचे मुख्य मार्ग दोन. एकात स्तनातलेच उरलेले ऊतक सरकवून पोकळी बुजवितात. दुसऱ्यात शेजारून नवे ऊतक आणतात. कोणता मार्ग घ्यावयाचा हे गाठ किती मोठी, स्तन किती मोठा आणि गाठ स्तनाच्या कोणत्या भागात, यांवर ठरते. क्लाफ यांनी २०१० साली याची एक उपयुक्त विभागणी सुचविली. स्तनाच्या आकारमानाच्या वीस टक्क्यांपर्यंत ऊतक काढावयाचे असेल तर साधी सरकवासरकव पुरते : स्तनग्रंथी वरच्या त्वचेपासून आणि खालच्या स्नायूपासून थोडी सोडवावयाची, दोन्ही कडा एकमेकींजवळ आणून शिवावयाच्या, स्तनाग्र मध्यावर नीट बसवावयाचे. हे कोणत्याही शल्यवैद्याला शिकता येते आणि त्याने शिकले पाहिजे. येथे एक बारकावा आहे. तरुण स्त्रीचा स्तन ग्रंथींनी घट्ट असतो, त्याला ही सोडवणूक सोसते. वयस्क स्त्रीच्या स्तनात चरबीचे प्रमाण जास्त; ती फार सोडविली तर रक्ताअभावी मरते आणि तिच्या टणक गाठी होतात.

वीस ते पन्नास टक्के ऊतक काढावयाचे असेल तेथे खरी कारागिरी लागते. समजा, ४५ वर्षांच्या एका शिक्षिकेच्या उजव्या स्तनाच्या खालच्या भागात साडेतीन सेंटिमीटरची गाठ आहे. तिचे स्तन मोठे आणि ओघळलेले आहेत. पाठ आणि खांदे वर्षानुवर्षे दुखत आलेले आहेत. मोठे स्तन लहान करण्याची जी शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन एरवी करतात, तीत स्तनाच्या खालच्या भागातलेच ऊतक काढून टाकतात आणि स्तनाग्र वरच्या देठावर ठेवून उंच नेऊन बसवितात. या शिक्षिकेची गाठ नेमकी त्याच भागात आहे! तेव्हा शल्यवैद्याने तीच शस्त्रक्रिया करावयाची. टाकाऊ ठरणाऱ्या ऊतकात गाठ तिच्याभोवतीच्या प्रशस्त निरोगी कडेसह निघून जाते. उरलेला स्तन लहान, उंच आणि गोल होतो. लहान स्तनात किरणांची मात्राही अधिक सारखी पसरते. डावा स्तन त्याच वेळी किंवा पुढे त्याच मापाचा करून घेता येतो. शस्त्रक्रियेला तासभर अधिक लागतो, एवढेच.

गाठ वरच्या भागात असेल तर कधी निराळी युक्ती कामी येते. स्तनाग्राभोवतीच्या गडद मंडलाच्या कडेने एक वर्तुळ आणि त्याबाहेर दुसरे वर्तुळ आखतात. मधली वलयाकार त्वचा वरवर काढली की तेथून आत शिरून स्तनाच्या कोणत्याही भागातील गाठ काढता येते. शेवटी बाहेरचे वर्तुळ बटव्याची नाडी ओढावी तसा टाका ओढून लहान करतात. व्रण मंडलाच्या कडेत लपून जातो. फ्रान्समधील लुई बेनेली यांनी १९९० साली वर्णिलेली ही रीत आहे. आणि गाठ स्तनाग्राच्या अगदी खाली असेल तर? पूर्वी अशा स्त्रीला स्तन राखता येणार नाही असे ठामपणे सांगितले जाई. आता स्तनाग्रासह मध्यभाग काढून खालच्या बाजूच्या त्वचेची एक चकती, तिच्याखालील ऊतकाच्या देठासह, वर सरकवून त्या जागी बसवितात. इटालियन शल्यवैद्य ग्रिसोत्ती यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. स्तनाग्र पुढे हवे असल्यास करता येते. नको असल्यास तसेच राहू देण्यातही काही बिघडत नाही.

लहान स्तनांच्या स्त्रियांना मात्र सरकवण्याजोगे ऊतकच नसते. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग. काखेखाली, ब्लाउजच्या कडेशी चरबीची जी वळी येते, ती पुष्कळ जणींना नकोशीच वाटते. बरगड्यांमधून निघून स्नायूला छेदून त्वचेकडे येणाऱ्या बारीक धमन्या तिचे पोषण करतात. एका लहानशा ध्वनियंत्राने अशी धमनी हुडकून, तिच्याच देठावर ही वळी पुढे फिरवून स्तनाच्या बाहेरच्या भागातील पोकळीत भरता येते. बेल्जियममधील मुस्तफा हम्दी यांनी २००४ च्या सुमारास या पद्धतीचा विशेष अभ्यास केला. तिची थोरवी अशी की, पाठीचा स्नायू मुळीच खर्ची पडत नाही. ज्या स्त्रीला उपचारानंतर शेतात खुरपे धरावयाचे आहे, विहिरीचे पाणी ओढावयाचे आहे, तिच्यासाठी या गोष्टीचे महत्त्व फार आहे. शिवाय सूक्ष्मदर्शक किंवा महागडी सामग्री लागत नाही. पोकळी फार मोठी असेल तर तान्सिनी यांचा पाठीचा स्नायू आजही हाताशी आहेच. पोटाची वा मांडीची चरबी बारीक नळीने काढून खळग्यात भरण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. तीतील काही चरबी शोषली जात असल्याने ती एकाहून अधिक वेळा करावी लागते.

या सर्व पद्धतींत अर्धी शस्त्रक्रिया भूल देण्यापूर्वीच झालेली असते. रुग्ण उभी किंवा बसलेली असताना शल्यवैद्य तिच्या छातीवर शाईने रेघा आखतो, कारण आडवे झाल्यावर स्तन आपला आकार आणि जागा दोन्ही बदलतो. पुण्याच्या त्या कारागिराचा मेणाचा पत्रा आणि या रेघा यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही. गाठ काढली की तिला दोरे बांधावयाचे, आखूड दोरा वरच्या कडेला आणि लांब दोरा बाहेरच्या, म्हणजे विकृतिशास्त्रज्ञाला तिची दिशा कळते. तो तिच्या कडांना रंग लावून पाहतो की रोग रंगापर्यंत पोचला आहे किंवा नाही. पसरणाऱ्या कर्करोगात रंगाला रोग लागलेला नसणे एवढी कड पुरेशी आहे, असे अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी २०१४ साली ठरविले. तेव्हा उगीच मोठाले कापण्यात पुरुषार्थ नाही, हेही सांगितले पाहिजे. लहान गाठीला साधी शस्त्रक्रियाच योग्य. पोकळीच्या भिंतींना टायटॅनियमच्या बारीक चिमट्या लावून ठेवणे अत्यावश्यक आहे. ऊतक इकडचे तिकडे झाल्यावर त्वचेवरील व्रण एकीकडे आणि गाठीची मूळ जागा दुसरीकडे, अशी स्थिती होते. किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरला जादा मात्रा कोठे द्यावयाची हे त्या चिमट्याच सांगतात. काही शल्यवैद्य त्या लावावयास विसरतात. ही चूक लहान नव्हे.

या तंत्राच्या मर्यादा मी झाकून ठेवू इच्छीत नाही. स्तनाच्या निरनिराळ्या भागांत दूरवर रोग पसरला असेल, संपूर्ण स्तन लाल होऊन सुजणारा दाहक प्रकार असेल, त्या बाजूस पूर्वी किरणोपचार झाले असतील, तर बहुधा संपूर्ण स्तन काढणेच श्रेयस्कर ठरते. कापाकापी अधिक झाल्याने जखम चिघळण्याचा संभव वाढतो, विशेषतः मधुमेही आणि तंबाखूचे व्यसन असलेल्या स्त्रियांत; आणि जखम रेंगाळली की पुढील उपचार लांबतात, जे कदापि होऊ देता कामा नये. ऊतक फिरविल्यावर कडेला रोग राहिल्याचे कळले, तर ती कड पुन्हा शोधणे अवघड जाते. साध्या स्तनरक्षक शस्त्रक्रियेशी चिठ्ठ्या टाकून तुलना करणारी वेरोनेसी-फिशर यांच्या तोडीची पाहणी या तंत्राच्या बाबतीत झालेली नाही; आजवरचा पुरावा बहुतांशी रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला आहे. तो अनुकूल आहे, पण त्याचे स्वरूप काय आहे हे आपण जाणून असावे.

आता आपल्या देशाची गोष्ट. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया गाठ मोठी झाल्यावर येतात. अशा वेळी आधी औषधांनी गाठ आक्रसवून मग शस्त्रक्रिया करता येते, आणि कित्येकदा जो स्तन जाणार होता तो राहतो. खरा अडसर आहे तो किरणोपचाराचा. यंत्रे मोठ्या शहरांत. पूर्वी पंचवीस दिवसांचा उपचार, म्हणजे पाच आठवडे धर्मशाळेत किंवा नातेवाइकांच्या ओसरीवर मुक्काम. घरी लहान मुले, शेतात पीक. ‘त्यापेक्षा सगळेच काढून टाका’ असे ती म्हणे, आणि तिला दोष कोणी द्यावा? ब्रिटनमधील पाहण्यांनी ही अडचण पुष्कळ हलकी केली आहे. पंधरा दिवसांच्या मात्रा पंचवीस दिवसांइतक्याच गुणकारी असल्याचे २००८ पासून दिसून आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका आठवड्यात पाच मात्रा देऊनही पाच वर्षांपर्यंत रोग तितकाच आटोक्यात राहिल्याचे आढळले. दुसरे असे की, गाठ मोठी असल्यास किंवा काखेतील अनेक ग्रंथींत रोग असल्यास स्तन काढूनही किरणोपचार घ्यावेच लागतात. ही गोष्ट पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रिया झाल्यावर कळते.

आणि एक अडसर यंत्राचा नाही. तपासणीच्या खोलीत स्त्री बाकावर बसलेली असते आणि बोलतात तिचे पती, दीर किंवा थोरला मुलगा. ‘डॉक्टरसाहेब, आईचं आता वय झालं. ते ठेवून काय करायचंय? मुळापासून काढा म्हणजे काळजी मिटली.’ यात माया नसते असे नाही; पुष्कळदा फारच असते. पण मुळापासून काढल्याने काळजी मिटत नाही, हे दोन खंडांतील वीस-वीस वर्षांच्या पाहण्यांनी दाखवून दिले आहे, आणि आईला कोणी विचारलेले नसते. आईचे वय कधीकधी अवघे ४८ असते. ती म्हणते, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ या उत्तरावर शल्यवैद्याने समाधान मानू नये. नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवून, आकृती काढून, दोन्ही मार्ग तिच्या भाषेत तिला सांगावेत आणि एक दिवस विचार करावयास द्यावा. काही जणी सर्व समजून घेऊनही संपूर्ण स्तन काढण्याचेच ठरवितात. तो निर्णय त्यांचा असतो. मग तो तसाच आदराने पार पाडावा.

एक व्यावहारिक गोष्ट सांगून मी रजा घेतो. अशी शस्त्रक्रिया झालेल्या स्तनात पुढे कधी चरबीची सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागते. मॅमोग्राममध्ये चुन्याचे ठिपके दिसतात. त्यांतील पुष्कळशा निरुपद्रवी असतात, तरी त्या दाखवून घेतल्याच पाहिजेत. परंतु नव्या गावच्या नव्या डॉक्टरला पूर्वी काय झाले हे ठाऊक नसते, आणि तोही घाबरतो, रुग्णही. म्हणून शस्त्रक्रियेचा वृत्तान्त, गाठीच्या तपासणीचा अहवाल, चिमट्या कोठे लावल्या याची नोंद आणि किरणोपचार संपल्यानंतर सहा महिने ते वर्षभरात काढलेला पहिला मॅमोग्राम हे सर्व कागद जमिनीच्या सातबाऱ्याइतकेच जपून ट्रंकेत ठेवावेत. कोणत्या बाजूचे ऊतक कोठे फिरविले याची साधी आकृती त्यांत असेल तर पुढच्या डॉक्टरचे अर्धे काम झालेले असते. ती नसेल, तर रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी आपल्या शल्यवैद्याकडून कागदावर काढून मागावी. पाच मिनिटांचे काम आहे.